पोत्याखालचा पाहुणा

शनिवार, तान्हा पोळा. जागा: लोहारा एमआयडीसी, आमच्या कारखान्यातलं असेंब्लीचं लांब टेबल. हजर: हमीदभाई, मालक. गजानन राठोड, सर्व्हिस. पुष्पाबाई कोडापे, वाइंडिंग. मुकुंदशेठ, यवतमाळचे आमचे सगळ्यात मोठे डीलर, न बोलावता आलेले. मी, ऑफिस आणि खरेदी. आणि टेबलाच्या मधोमध, जुन्या वर्तमानपत्रावर, पांढऱ्याशुभ्र डब्यातलं चायनाचं झटका मशीन.

हे आता का लिहायला घेतलं ते आधी सांगते. एमआयडीसीतल्या कारखानदारांच्या मेळाव्यासाठी माझ्याकडे पानभर मजकूर मागितला होता. विषय: बाहेरून स्वस्त माल आला तर लहान कारखानदाराने काय करावं. मला मुद्दे काढायची सवय आहे. घरात किराण्यापासून लग्नापर्यंत सगळ्याच्या याद्या मीच करते. वाटलं, चहा उकळेपर्यंत पान होईल. पण पहिला मुद्दा लिहिला आणि त्याच्यामागून हमीदभाई आले. दुसरा लिहिला, तिथेही तेच उभे. शेवटी मुद्दे बाजूला ठेवले आणि माणूसच लिहायला घेतला.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी: झटका मशीन म्हणजे शेताच्या कुंपणाचं मशीन. शेताभोवती बारीक तार ओढायची, सौर पॅनेलवर चालणारं हे मशीन त्या तारेत थोड्या थोड्या वेळाने एक झटका सोडतं. रानडुक्कर किंवा रोही, म्हणजे नीलगाय, तारेला लागला की उडतो आणि पळतो. मरत नाही. माणूसही मरत नाही. आमच्या भागात हे मशीन नसेल तर पेरणीपासून शेंगा भरेपर्यंत शेतावर जागल करावी लागते, म्हणजे रात्रभर मचाणावर बसून डबा वाजवायचा.

हमीदभाई मूळचे आर्णीचे. तिथे बसस्टँडजवळ त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळलेल्या मोटरी भरून द्यायचे. एका हंगामात त्यांच्या ओळखीतल्या माणसाने डुकरांसाठी तारेत थेट लाइनचा करंट सोडला आणि सकाळी तोच त्या तारेला सापडला. त्याबद्दल हमीदभाई आमच्याशी फार कधी बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी मोटरी भरता भरता झटका मशीन बनवायला घेतलं, आणि पुढे लोहाऱ्यात शेड घेतलं.

उंच, सडपातळ माणूस. पांढरा शर्ट, खिशात लाल मुठीचा टेस्टर. त्या टेस्टरने ते सगळं करायचे. कॉइल दाखवायचे, डब्याचं झाकण उचकायचे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख दाखवायचे, वेळ आली तर पाठही खाजवायचे. केबिन नव्हती. पॅकिंगच्या टोकाला एक स्टूल, तेच त्यांचं ऑफिस. "तयार झालेला माल जिथून बाहेर जाते, मालकानं तिथी बसावं," म्हणायचे. "आत येणाऱ्या मालाले पाहाले मेश्रामताई हाय."

मेश्रामताई म्हणजे मी.

त्यांची एक खोड सगळ्या तालुक्यात माहीत होती. नवं मशीन शेतात बसवलं की शेतकऱ्याच्या हाती देण्याआधी ते स्वतः तारेला हात लावायचे. "आधी मी, मंग डुक्कर." झटका बसला की खांदा उडायचा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा आणि मुशायऱ्यात शेर आवडल्यासारखे ते ओरडायचे, "वाह! क्या बात है! फिर से!" आणि खरंच पुन्हा हात लावायचे. घरातली बाई घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन धावायची. ते पाणी पिऊन म्हणायचे, "झटका असा पाहिजे की डुकरानं घरी जाऊन बायकोले सांगितलं पाहिजे."

तर तान्हा पोळा. बाहेर रस्त्यावर लाकडी बैल ओढत पोरांची मिरवणूक चालली होती, आणि आत आमची तोंडं उतरलेली होती. कारण ते पांढरं मशीन आमच्या जवळजवळ निम्म्या भावात मिळत होतं. जूनपासून आमची विक्री घसरत चालली होती. मुकुंदशेठनेच ते मशीन पिशवीतून आणून टेबलावर ठेवलं होतं.

"पहिलं काम तारीफ," हमीदभाई म्हणाले. "ज्यानं त्यानं एकेक चांगली गोष्ट सांगायची. मंग चहा. मंग शिव्या."

"मी नाई करत तारीफ," राठोड म्हणाला. राठोड आमचा सर्व्हिसवाला. गावोगाव मोटरसायकलवर फिरून मशीन बसवायचा. "त्याच्यापायी मले लोक दारात उभे करून नाई राह्यले."

"मंग तुले चहा नाई."

पुष्पाबाईंनी आधीच झाकण उघडलं होतं. त्या डोळ्याजवळ बोर्ड धरून म्हणाल्या, "सोल्डरचे टाके पाहा, भाई. मोत्यावानी. आपल्या पोरी असे नाई लावत."

"शाबास. ताई, तुम्ही?"

मी म्हटलं, "पॅकिंग. थर्माकोल नाही, पुठ्ठ्याचीच घडी केली आहे. पडलं तरी फुटणार नाही."

"एकदम बरोबर! मुकुंदशेठ?"

"भाव," मुकुंदशेठ म्हणाले. "दुसरं काही सांगायची गरजच नाही."

राठोड खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "पट्टा बरा हाय. खांद्यावर टाकाले."

"याले चहा द्या!" हमीदभाईंनी टाळी वाजवली. एव्हाना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं त्याला मी उत्साह म्हणेन. दुसऱ्या कुणाचं दुकान बसायची वेळ आली असती तर तो घामाघूम झाला असता. हे मात्र नव्या पाहुण्याच्या भोवती फिरल्यासारखे टेबलाभोवती फिरत होते.

मग मुकुंदशेठ ज्यासाठी आले होते ते बोलले. "हमीदभाई, जुनी ओळख हाय म्हणून सांगतो. कायले ही डोकेदुखी? मशीन तिकडून मागवा, वरून तुमचं स्टिकर लावा. नाव तुमचं, माल त्यांचा. मी सगळा उचलतो."

"आन् ह्या बाया?" हमीदभाईंनी वाइंडिंगच्या टेबलाकडे टेस्टर दाखवला.

"स्टिकर लावाले लागतीन ना दोघी-तिघी."

पुष्पाबाईंच्या हातातलं झाकण टेबलावर जरा जोरात ठेवलं गेलं.

"दिवाळीनंतर माझ्या दुकानात एकच मशीन राहीन," मुकुंदशेठ म्हणाले. "कोणतं, ते तुम्ही ठरवा. मी वाईट माणूस नाही, पण माझ्या फळीवर जागा नाही."

ते खोटं बोलत नव्हते. तालुक्यातली निम्मी विक्री त्यांच्या फळीवरून व्हायची. म्हणजे दिवाळीपर्यंत ठरायचं होतं: लोहाऱ्याच्या त्या शेडमध्ये मशीन बनणार की नुसते स्टिकर लागणार.

हमीदभाईंनी ते पांढरं मशीन कानाशी धरलं, चालू केलं, आणि म्हणाले, "माझी तारीफ राह्यली. आवाज नाई. पाह्यलं? किती सभ्य हाय. आन् आपलं पाहा, टक टक टक, सासूवानी. कवा चूप म्हणून बसत नाई."

हीच तारीफ आम्हाला नडली.

पुढचे काही दिवस कारखान्यात नुसती घाई होती. हमीदभाई त्या मशीनच्या प्रेमातच पडले होते. पांढरा डबा आला, पट्टा आला, टाके मोत्यासारखे व्हायला लागले. खर्चही थोडा खाली आला. आणि मशीनचा आवाज बंद केला. आमच्या मशीनमध्ये प्रत्येक झटक्याला टक असा आवाज यायचा. हमीदभाईंना वाटलं, हे जुनाट आहे, नव्या जमान्याचं मशीन शांत पाहिजे. पुष्पाबाईंनी आठवडाभर खपून आतली मांडणी बदलली. पहिली खेप आर्णीकडे गेली. आम्ही पेढे वाटले.

पेढे संपले नसतील, तोच फोन सुरू झाले. "मशीन मेलं." "डब्बा गेला." "दिवा लागते पण जीव नाई त्याच्यात." लोक मोटरसायकलच्या टाकीवर मशीन ठेवून लोहाऱ्यापर्यंत यायला लागले. आम्ही एकेक उघडून पाहिलं. सगळी ठणठणीत. झटका पूर्ण. राठोड चिडून म्हणाला, "भाई, लोक येडे झाले."

सुमनबाई म्हणून एक शेतकरीण आली होती. कापूस आणि तूर, नवरा नाही, शेत एकटी पाहायची. तिने मशीन हमीदभाईंच्या मांडीवरच ठेवलं.

"हे घ्या तुमचं मुकं लेकरू."

"बाई, चालू हाय. हात लावून पाहा."

"मी कायले हात लावू? आधीचं सोताच सांगत होतं ना."

"काय सांगत होतं?"

"टक, टक. मी मचाणावर पडली की ते आयकू येते. ते आयकू आलं की मले झोप लागते. थांबलं की आपोआप जाग येते. आता आयकूच येत नाई, तं मी बॅटरी घेऊन घडीघडी तारेपाशी जाऊन राह्यली. जागलच करायची होती तं मशीन कायले घेतलं, भाऊ?"

हमीदभाई स्टुलावरून उठले. "पुन्हा सांगा."

"आता मी का पोथी वाचू?"

"नाई, नाई, पुन्हा सांगा, बाई. चहा आणा रे! पेढा आणा!" ते तिच्यासमोर उभे राहिले, हातात टेस्टर, डोळे चमकत. "आन् चायनावाले? त्यांच्या मशीनले बी आवाज नाई. ते कसे झोपतात?"

"कुठी झोपतात!" सुमनबाई म्हणाली. "आमच्या धुऱ्याले लागून देवरावचं शेत हाय. त्यानं आणलं ते पांढरं. डोये लाल करून फिरते अन् म्हणते, मले झोपच येत नाई, वय झालं."

त्यावर हमीदभाई जे हसले ते मला आजही ऐकू येतं. स्वतःची फजिती झाल्यावर इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. त्यांनी पुष्पाबाईंना हाक मारली, "कोडापेबाई, आपण आजवर काय विकून राह्यलो माहीत हाय का? झोप! आन् आपणच ती काढून फेकली!"

पुष्पाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मंग तो आठवडा माह्या मांडणीचा?"

"तो माह्या मूर्खपणाचा. तुमी तं नंबर एक काम केलं."

आवाज परत आला. आधीपेक्षा मोठा, आणि बाहेरून कमी-जास्त करता येईल असा, कारण सुमनबाईने जाता जाता सांगितलं होतं की तिच्या जावेचं मचाण तारेच्या अगदी जवळ आहे आणि तिला तो डोक्यात हाणल्यासारखा वाटतो. टाके मात्र मोत्यासारखेच राहिले. पुठ्ठ्याची घडीही राहिली. पट्टाही. पाहुण्याकडून घ्यायचं ते घेतलं.

पण भाव होता तिथेच होता, आणि मुकुंदशेठची दिवाळी जवळ येत होती.

पावसाळा सरला. आमच्याकडची काळी जमीन वाळायला लागली की तिला भेगा पडतात, हात जाईल एवढ्या. आणि भेगा पडल्या की कुंपणाचं अर्थिंग सुटतं. जमिनीत ठोकलेली सळई मातीपासून मोकळी होते, झटक्याला परतीची वाट राहत नाही. मशीन कितीही चांगलं असो, तारेत दम उरत नाही. आमच्या मशीनच्या तक्रारी आल्या, तशा त्या पांढऱ्या मशीनच्याही आल्या असणार. पण त्या मशीनवाल्याने फोन करायचा कुणाला? डब्यावर नंबरच नव्हता.

एका सकाळी हमीदभाईंनी जाहीर केलं, "आजपासून जो बोलावीन त्याच्या शेतात जायचं. मशीन कोणाचं बी असो."

राठोडने मोटरसायकलची किल्ली टेबलावर टाकली. "मी नाई जात. त्यांचं मशीन आपण चांगलं करून देऊ, मंग आपलं कोण घेईन?"

"चल, मीच येतो तुह्या मागं बसून. मेश्रामताई, तुमी बी चला. अर्थिंगचं सामान किती लागते ते पाहाले कोणी हिशेबी माणूस पाहिजे."

असे आम्ही गेलो, ते दोघे मोटरसायकलवर आणि मी मागून माझ्या स्कूटीवर. पहिलाच मुक्काम देवराव. सुमनबाईनेच त्याचं नाव कळवलं होतं, पण आम्ही येतोय हे त्याला सांगितलं नव्हतं. देवराव आर्णीचा, हमीदभाईंच्या दुकानात त्याच्या बापापासूनच्या मोटरी भरलेल्या. लांबून पांढरा शर्ट दिसला आणि देवराव धावत मचाणाखाली गेला. आम्ही पोचलो तेव्हा तिथे एक फुगलेलं पोतं होतं, आणि पोत्यासमोर देवराव, हात मागे बांधून.

"काय म्हणते तब्येत, देवराव?"

"मजेत, भाई."

"घरी सगळे?"

"मजेत."

"आन् पोत्याखालचा पाहुणा? त्याची तब्येत कशी हाय?"

देवरावचा चेहरा पाहण्यासारखा झाला. राठोड तोंड फिरवून खोकला. देवराव मान खाली घालून म्हणाला, "भाई, भावात फरक होता."

"असेन ना! मी बी घेतलं असतं. काढ बाहेर, बिचाऱ्याले गरम होऊन राह्यलं."

पोतं काढलं. हमीदभाईंनी मशीन तपासलं आणि म्हणाले, याला काही झालेलं नाही. मग सळईजवळ गेले. भेगेत टेस्टर टाकला तो मुठीपर्यंत आत गेला. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि राठोडकडून फावडं घेतलं. खड्डा, त्यात कोळसा, मीठ, मग खणलेली माती ओली करून, पायाने दाबत दाबत. तीन ठिकाणी तीन सळया, एकमेकींना तारेने जोडलेल्या. मध्येच मला विचारायचे, "लिहिलं का, ताई? मीठ किती लागलं?" सगळं झाल्यावर मशीन चालू केलं आणि आम्ही रोखायच्या आत तारेला हात लावला.

"वाह! क्या बात है! किती साफ झटका हाय! फिर से!"

परक्याच्या मशीनची एवढी तारीफ त्या शिवारात कुणी केली नसेल. देवराव ओशाळून म्हणाला, "भाई, मी तुमचंच घेतो. उद्या येतो पैसे घेऊन."

"कायले? हे चांगलं चालू हाय. चांगलं मशीन फेकून देते का कोणी?"

परतीच्या वाटेवर चहाच्या टपरीवर राठोडचा बांध फुटला. "भाई, तो सोताहून घेतो म्हणत होता! तुमी नाई म्हणता? अशानं धंदा होते का?"

हमीदभाई बशीत चहा ओतत म्हणाले, "गजानन, त्यानं आज घेतलं असतं तं शरमेनं घेतलं असतं. शरमेनं घेतलेल्या वस्तूचं माणूस कोणापाशी नाव काढत नाई. थोडा सबर कर."

"सबर करू करू दिवाळी येऊन राह्यली."

"येऊ दे. मस्त सण हाय."

मला मान्य आहे, त्या वेळी मीसुद्धा राठोडच्या बाजूने होते. पण पुढच्या आठवड्यापासून जे सुरू झालं ते आम्ही कुणीच योजलेलं नव्हतं. पांढरी मशीनं कारखान्यात यायला लागली. एखाद्याचं खरंच बिघडलेलं असायचं, आणि भाग मिळायला वेळ लागायचा. शेत तर एक रात्रही उघडं ठेवता येत नाही. म्हणून हमीदभाईंनी नियम केला: मशीन दुरुस्तीला घेतलं की त्याच्या बदल्यात आपलं एक मशीन वापरायला द्यायचं, फुकट, दुरुस्ती होईपर्यंत. राठोडने त्याला नाव ठेवलं, सोयरीक.

आणि आमची मशीनं परत येईनात.

फोन केला की उत्तरं ठरलेली. "राहू द्या ना चार दिवस." "म्हातारीले त्या टकटकीची सवय लागली." एकाने तर सरळ सांगितलं, "माझं तुमच्याकडंच ठेवा, हे मी देत नाई, किंमत सांगा." पुष्पाबाई वाइंडिंगच्या टेबलावरून ओरडायच्या, "भाई, अजून एक पोरगी नांदाले गेली!" आणि हमीदभाई टेस्टर उंच करून दाखवायचे. त्या दिवसांत कारखान्यात असा गलका असायचा की शेजारच्या शेडमधले लोक येऊन विचारायचे, काय लॉटरी लागली का.

दिवाळी झाली आणि मुकुंदशेठ आले. या वेळी स्टूल ओढून स्वतःच बसले. त्यांच्या दुकानात लोक पांढरं मशीन घ्यायचे आणि लगेच विचारायचे, बिघडलं तर लोहाऱ्यात घेतात ना? काही जण तर त्यांच्यासमोरच ठरवायचे, मग लोहाऱ्याचंच का घेऊ नये.

"बोला," मुकुंदशेठ म्हणाले. "तुमचं ठेवतो, ते काढतो. खूश?"

"नाई," हमीदभाई म्हणाले. "दोन्ही ठेवा."

"अहो, मी तुमच्या बाजूनं बोलून राह्यलो!"

"मी बी. ज्याच्यापाशी आज कमी पैसे हाय तो ते नेईन. नाई नेलं तं तो थेट लाइनचा करंट सोडीन तारेत. मले ते नको." एवढंच म्हणून त्यांनी मग खिशातून एक गुंडाळी काढली. "फक्त तुमी म्हणता ना, स्टिकर लावा. मी लावतो. त्या पांढऱ्या डब्याच्या मागं, तुमच्या दुकानात, तुमच्या हातानं."

स्टिकरवर लिहिलेलं होतं: 'दुरुस्ती व अर्थिंगसाठी लोहारा', आणि खाली राठोडचा फोन नंबर.

मुकुंदशेठ ते वाचून इतके हसले की त्यांना ठसका लागला. "हमीदभाई, तुमी दुसऱ्याच्या लेकराले आपलं आडनाव लावून राह्यले!"

"लेकरू कोणाचं का असेना, आजारी पडलं की आपल्याच दवाखान्यात येते."

तेव्हापासून मुकुंदशेठच्या फळीवर दोन्ही मशीनं आहेत. खोटं चित्र उभं करायचं नाही म्हणून हेही लिहिते: आम्ही आधीइतकी नवी मशीनं आता विकत नाही. वाइंडिंगचं टेबल अर्धं झालं. उरलेल्या अर्ध्या टेबलावर दुरुस्ती चालते आणि अर्थिंगचं सामान बांधलं जातं. पण टेबल आहे, आणि त्याच्याभोवती त्याच बाया आहेत. दोघींना सोल्डरिंग जमेना, तर त्यांनी राठोडबरोबर शेतात अर्थिंग बसवायचं काम घेतलं. आज तालुक्यात त्यांना 'कोळसेवाल्या ताई' म्हणतात आणि हंगामात त्यांची वेळ मिळत नाही.

हमीदभाई मागच्या उन्हाळ्यात गेले. हृदयाचा झटका. बातमी सांगताना राठोडला तो शब्द उच्चारता येईना, "छातीत दुखलं" एवढंच म्हणत राहिला. आता कारखाना त्यांची मुलगी शबाना पाहते. ती नागपूरची नोकरी सोडून आली आणि पहिल्याच दिवशी केबिन बांधायला सांगितली. बांधली. तिचंही बरोबर आहे, तिला फोनवर बोलायला शांतता लागते.

हमीदभाईंना मी शेवटचं नीट पाहिलं ते, ते जाण्याआधीच्या हिवाळ्यात, सुमनबाईच्या शेतात. कुंपणाचा एक जुना त्रास आहे. तारेला कुठेतरी गवताची काडी टेकते आणि झटका तिथून गळून जातो. पण कुठे, ते कळत नाही. सगळा धुरा, म्हणजे शेताची कड, पायी तपासावा लागतो. आमच्या मशीनलाही हे सांगता येत नाही आणि त्या पांढऱ्यालाही नाही. त्या दिवशी हमीदभाईंनी घरातला जुना ट्रान्झिस्टर आणला होता. स्टेशन न लावता, नुसता चालू करून ते तारेच्या कडेने चालायला लागले. मला म्हणाले, "ऐका, ताई." ट्रान्झिस्टरमधून कुंपणाची टक टक ऐकू येत होती, स्वच्छ. पुढे गेलो तशी तिच्यात चरचर मिसळली. आणखी पुढे, जास्त चरचर. एका जागी तर तळणीत मिरची पडल्यासारखा आवाज. ते खाली वाकले. तारेला एक लव्हाळ्याची काडी टेकलेली होती. काठीने ती बाजूला केली आणि आवाज पुन्हा स्वच्छ झाला.

"हे खिशात मावेल एवढं करून शेतकऱ्याच्या हाती दिलं पाहिजे," ते म्हणाले. "तिकडून यायच्या आत. या खेपेला पाहुण्याच्या आधी आपण पोचू. मंग त्यायले आपली तारीफ करू द्या!"

आणि ते एकटेच पुढे निघाले. मी बांधावर बसले. तूर कमरेच्या वर आलेली, पिवळ्या फुलांनी भरलेली. त्यातून पांढरा शर्ट पुढे पुढे जात होता, एक हात कानाशी. मध्येच थांबायचा, वाकून दिसेनासा व्हायचा, पुन्हा वर यायचा. दूरच्या कोपऱ्यावर पोचल्यावर त्यांनी वळून हात हलवला. काहीतरी ओरडलेही, पण वारा उलटा होता, मला ऐकू आलं नाही. सुमनबाईने विचारलं, "काय म्हणते?" मी म्हटलं, "सापडलं म्हणत असतील."

मेळाव्याचं पान मी आता पुरं करणार आहे. त्याआधी त्या खिशातल्या यंत्राची स्थिती, शबानाने आज सकाळी विचारली म्हणून: बोर्ड तयार. कॉइल पुष्पाबाईंनी भरली, तयार. डबा खिशात मावतो, तयार. सुमनबाईच्या शेतात घेतलेली चाचणी पास. देवरावच्या शेतातली नापास, कारण त्याच्या धुऱ्यावरून विजेची लाइन जाते आणि तिच्याखाली उभं राहिलं की यंत्राला काडीचा आवाज आणि लाइनची घरघर वेगळी ओळखता येत नाही. मुकुंदशेठ सांगतात, तिकडून अजून असं काही आलेलं नाही. पेरणीच्या आत हे सुटलं पाहिजे. अजून सुटलेलं नाही.